सुटा पार्ट ओळखायचा कसा

मागाखाली झाडताना बारीकसा पार्ट सापडला की लगेच दुकानात पळू नकोस. सापडला ती जागा आधी खडूने खूण करून ठेव, मग रॉकेलने पुसून उजेडात धर. त्याची झीज फार काही सांगते: एकच बाजू चकाकत असेल तर तिथे काहीतरी घासत होतं. टोकांना दोन भोकं असलेली कडी म्हणजे सर्कलिप, खाचेत बसून पार्ट जागेवर धरणारी. जवळच्या शाफ्टवर किंवा भोकात तिची खाच शोध.

आट्यांचं मात्र नीट बघ. आपल्या सोलापुरातल्या जुन्या यंत्रमागांवर इंची बोल्ट भेटतात. ५/१६ इंची बोल्ट व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या मापकावर) ७.९ मिमीच्या आसपास दिसतो, म्हणून लोक त्याला ८ एमएम समजतात. पण ८ एमएमच्या साध्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी, तर ५/१६ व्हिटवर्थला (जुन्या ब्रिटिश इंची आट्याला) इंचात १८ आटे, म्हणजे पिच सुमारे १.४ मिमी. ओळखीचा बोल्ट शेजारी टेकवून आट्यात आटा बसव. फट दिसली की जात वेगळी. नट दोन फेऱ्यांत अडकला तर पान्याने जोर लावू नकोस, आटे जातील.

दुकानात फोटो नको, पार्टच ने. जमलं तर जोडीचा नटही.