नदीतल्या गाळावर संशोधन करायचं, तर शाखा कोणती?

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. नदीचा प्रवाह, गाळ आणि पाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रदूषण यांवर काम करणाऱ्या एका संशोधकांविषयी वाचलं, तेव्हापासून हेच करावंसं वाटतंय. पण हा विषय भूगोलाचा, रसायनशास्त्राचा की इंजिनिअरिंगचा? माझं गणित बेताचं आहे. बाबा म्हणतात, यात नोकरी नाही. काय करू?

उत्तर : शाखेचं कोडं तुला सगळ्यात मोठं वाटतंय, पण ते सगळ्यात लवकर सुटणारं आहे. भूगोल, भूशास्त्र, मृदाशास्त्र, सिव्हिल, रसायनशास्त्र अशा सगळ्या वाटांनी माणसं या क्षेत्रात आलेली आहेत. पाण्यात जे आलंय ते कुठून आलं, कधी आलं आणि किती आलं, हे शोधणं हेच इथलं काम. त्यात तुझं रसायनशास्त्र हे भांडवल आहे.

नायट्रेट पाण्यात विरघळतं, जमिनीत मुरतं आणि भूजलातून सावकाश नदीला मिळतं. कधी कधी त्याला काही दशकं लागतात. फॉस्फरसचा मोठा वाटा मात्र मातीच्या बारीक कणांना चिकटून येतो. म्हणून एकाचा माग काढायला भूजल पाहावं लागतं आणि दुसऱ्याचा काढायला गाळ. १९७३ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओत तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्या बाजूला त्या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. तळ्यांच्या प्रदूषणात फॉस्फरसकडे इतकं लक्ष का दिलं जातं, ते या एका प्रयोगातून कळतं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघ, कारण निर्णय त्यावरच घ्यायला हवा. बऱ्याच नद्यांमध्ये वर्षभरातला बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत वाहून जातो. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला बाटली भरली तर नेमके तेच दिवस हुकतात आणि वर्षाचा हिशेब बहुधा खऱ्यापेक्षा खूप कमी निघतो. म्हणून पाण्यात गढूळपणाचे सेन्सर बसवतात. हे सेन्सर गाळ थेट मोजत नाहीत; कणांमुळे प्रकाश किती विखुरतो, तेवढंच सांगतात. लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ, हे ठरवायला कुणाला तरी पुरात नमुने घ्यावे लागतात, ते गाळून, वाळवून, तोलावे लागतात. चिखल, पाऊस, रात्री-अपरात्रीची धावपळ आणि मग प्रयोगशाळेतलं कंटाळवाणं वजनमाप, हे सगळं तुला मनापासून चालेल का? हा प्रश्न शाखेपेक्षा महत्त्वाचा आहे.

त्या कष्टातून जे हाती येतं ते मला या विषयातलं सगळ्यात देखणं वाटतं. पुराचा आलेख काढला आणि गढूळपणाचं शिखर पाण्याच्या शिखराआधी आलेलं दिसलं, तर गाळ बहुधा पात्रातून किंवा जवळपासून उचललेला असतो. ते मागाहून आलं, तर तो लांबून आला असेल किंवा काठ ढासळला असेल. याची खातरजमा करायला सीझियम-१३७ उपयोगी पडतं. गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांतून पडलेलं हे किरणोत्सारी द्रव्य जमिनीच्या वरच्या थराला धरून असतं, काठाच्या खोल मातीत जवळजवळ नसतं. गाळात ते किती सापडतं यावरून रानातली वरची माती वाहून आली की नदीचा काठ खचला, याचा अंदाज बांधता येतो. उपाय कुठे करायचा, ते यावरच ठरतं.

बेताचं गणित म्हणजे जमत नाही की आवडत नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. आवडत नसेल तर आवड लागू शकते; पण टाळून चालणार नाही. संख्याशास्त्र आणि आर किंवा पायथॉन यांपैकी एक संगणकीय भाषा याच वर्षी सुरू कर. कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) उजळणी पदव्युत्तर प्रवेशाआधी झाली तरी पुरे.

बाबांचं म्हणणं निम्मं खरं आहे. कायम संशोधकाच्या जागा थोड्या असतात, पीएचडीला काही वर्षं जातात आणि त्यानंतरही बऱ्याचदा मुदतीच्या नेमणुकांवर काम करावं लागतं. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण पाण्याचे नमुने, सेन्सर आणि आकडेवारी हाताळता येणाऱ्या माणसांची गरज पाणीपुरवठा, प्रदूषण नियंत्रण, धरणांतला गाळ आणि पर्यावरण सल्ला या कामांतही असते. पदव्युत्तर पदवीनंतर थांबावंसं वाटलं तरी तिथली वाट मोकळी राहते.

त्या संशोधकांना जरूर लिही. नुसतं ‘मार्गदर्शन करा’ असं मात्र लिहू नकोस. सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली एखाद्या नदीची प्रवाहाची आणि गढूळपणाची आकडेवारी घे, एका पुराचा आलेख स्वतः काढ आणि त्यातली जी गोष्ट तुला उलगडली नाही ती त्यांना विचार. सोबत शिकाऊ म्हणून काम मागायचं असेल तर पुराच्या हंगामातलं माग.