शेतीत ड्रोन वापरण्याचे खरे फायदे काय आहेत? ५ एकरवाल्याने ड्रोन घ्यावा का?

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात आहे, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. मागचे दोन हंगाम भाड्याच्या ड्रोनने फवारणी करून घेतोय, म्हणून फवारणीपुरतंच सांगतो.

वेळ वाचतो, पाणी वाचतं हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण माझ्या लेखी पहिला फायदा म्हणजे माणूस विषात जात नाही. २०१७ चा हंगाम आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारणारा त्यात मधोमध, नोझल वर धरून मारायचं आणि तेच तोंडावर अंगावर यायचं, वरून दमट उकाडा, शर्ट घामाने अन औषधाने भिजलेला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० च्या वर शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. माझा चुलतभाऊ त्यातच होता, संध्याकाळी घरी आला तो डोळ्यापुढे अंधारी आणि उलट्या, चार दिवस भरती होता. वाचला, पण परत कधी पंप पाठीवर घेतला नाही. ड्रोनवाला धुऱ्यावर (बांधावर) उभा राहून फवारतो, मला एवढंच पुरेसं आहे.

दुसरा फायदा पावसाचा. आपली काळी माती, एकदा झड लागली की तीन-चार दिवस वावरात पाय टाकता येत नाही आणि अळी काही थांबत नाही. पाऊस उघडला, वारा शांत असला की ड्रोन त्याच दिवशी चालतो. तुरीचंही तसंच, फुलावर येते तेव्हा ओळी जुळून जातात, आत शिरलं की फांद्या मोडतात फुलं झडतात, आणि घाटेअळीची फवारणी नेमकी तेव्हाच करावी लागते. उसाच्या पट्ट्यात तर विचारायलाच नको, मोठ्या उसात माणूस जाणार कुठून.

पाण्याचं म्हणाल तर पाठीवरच्या पंपाने एकराला १०-१२ पंप लागायचे, म्हणजे दीडशे लिटरच्या वर, ड्रोनला साधारण १० लिटर लागतं. एक एकर दहा मिनिटांच्या आत होतो. विहीर लांब असेल तर पाणी वाहायचा माणूस वाचला.

पण एक नीट ध्यानात घ्या, पाणी कमी म्हणजे औषध कमी नाही. एकराचा डोस तोच राहतो, फक्त १० लिटरात असतो, म्हणजे ते द्रावण फार कडक असतं. तीन-चार औषधं एकत्र कालवायची सवय इथे चालत नाही, नोझल चोंदतं आणि पान जळू शकतं. कालवणाऱ्याला हातमोजे, मास्क हवेच, तिथे ड्रोन काही वाचवत नाही. पऱ्हाटी दाट झाली की पानाच्या खालच्या बाजूला, जिथे तुडतुडे पांढरी माशी बसते, तिथे औषध कमी पोचतं हा माझा अनुभव, आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषलं जाऊन पसरणारं) औषध असेल तर बरं पडतं. तणनाशक मात्र मी ड्रोनने मारत नाही, शेजाऱ्याच्या पिकावर उडालं तर भांडण आणि नुकसान दोन्ही.

आता घ्यावा का? ५ एकरासाठी नका घेऊ. लाखांत किंमत, बॅटरी भरलेल्या टाकीसकट जेमतेम १०-१५ मिनिटं टिकते म्हणजे तीन-चार जोड आणि जनरेटर लागणारच, शिवाय चालवायला डीजीसीएचं (केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाचं) रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. घरात बचत गटातली बाई असेल तर नमो ड्रोन दीदी योजनेची चौकशी करा, गटाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान अशी ती २०२३ ला मंजूर झाली. आमच्याकडे शेजारच्या गावातल्या गटाचाच ड्रोन येतो, चालवणारी ताई औषधाचं लेबल वाचल्याशिवाय टाकी भरू देत नाही, फार बरं वाटतं बघून.

वावरावरून विजेच्या तारा जात असतील किंवा धुऱ्यावर दाट झाडं असतील तर बुकिंग करतानाच सांगा, आणि वेळ सकाळची मागा, दुपारी वारा सुटतो.