शिव्यांचं पुस्तक आणि कुलूप

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे. तिने शाळेच्या लायब्ररीतून एक दलित आत्मकथन आणलं, मी सहज चाळलं तर शिव्याच शिव्या! मी पालकांच्या ग्रुपवर एका पानाचा फोटो टाकला तर दोन दिवसांत हेडबाईंनी ते आणि अजून नऊ-दहा पुस्तकं कपाटात टाकून कुलूप लावलं. आता मुलगी माझ्याशी धड बोलत नाहीये. माझं चुकलं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : काळजी वाटली यात काही चूक नाही हो, लेकरू काय वाचतंय ते बघायलाच पाहिजे. पण पुस्तक न वाचता पानाचा फोटो ग्रुपवर टाकलात, तिथे गडबड झाली. आणि हेडबाईंचं तर काय सांगावं, तक्रार एकाची आणि आत गेली दहा, कटकट नको म्हणून.

अमेरिकेत २०२२ च्या जानेवारीत असंच झालं होतं. टेनेसी राज्यात मॅकमिन काउंटी म्हणून आहे, तिथे आठवीच्याच पोरांना 'माउस' हे आर्ट स्पीगलमनचं कॉमिक लावलेलं, त्याचे आईवडील हिटलरच्या छळछावणीतून कसे वाचले त्याची गोष्ट, ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं, १९९२ ला पुलित्झर हा तिकडचा मोठा पुरस्कार मिळालेलं. स्कूल बोर्डाच्या दहाच्या दहा मेंबरांनी ते काढून टाकलं. का, तर आठ शिव्या आणि एका बाईचं उघडं चित्र. ती बाई म्हणजे स्पीगलमनची आई, बाथटबमध्ये जीव दिलेली. (त्यात कुणाला अश्लील दिसत असेल तर आपण काय बोलणार!) बातमी फुटल्यावर पुस्तकाचा खप असा वाढला की अ‍ॅमेझॉनवर बेस्टसेलर.

आमच्या शाळेतही काचेचं कपाट होतं, किल्ली शिपाईकाकांकडे. आम्ही काचेला नाक लावून नावं पाठ करायचो आणि रद्दीवाल्याकडे जाऊन तीच शोधायचो. वाचलं सगळं, फक्त कुठे अडलं तर विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की चोरी पकडली जाणार.

वयाचं मला मान्य आहे, चौथीच्या पोराला मीही 'माउस' देणार नाही. पण तुमची लेक आठवीत आहे, रिक्षा स्टँडवरून जाताना याहून जास्त ऐकत असेल. पुस्तकातली शिवी कोण कुणाला देतंय, का देतंय, आणि ज्याला दिली तो गप्प का बसला, हे स्टँडवर कळत नाही ना.

हेडबाईंना भेटा. म्हणावं तक्रार लेखी घ्या, दोन शिक्षकांनी पुस्तक पूर्ण वाचू दे, तोवर ते शेल्फवरच राहू दे. एखाद्या पालकाला नकोच असेल तर त्याने आपल्या मुलापुरतं नाही म्हणावं, अख्ख्या वर्गासाठी कशाला?

आणि ग्रुपवर टाकलेला फोटो डिलीट करू नका, त्याच ग्रुपवर लिहा की मी पुस्तक पूर्ण वाचलं नव्हतं, आता वाचतेय. पण आधी वाचा खरंच, लेकीकडूनच मागून घ्या. तिने एव्हाना कुठून तरी मिळवलं असणारच.