ओल्या रस्त्यावर वळताना सायकल घसरते. खोल नक्षीचे टायर घेतले तर थांबेल का?

डांबरी रस्त्यावर नक्षीने फारसा फरक पडत नाही. पकड ठरते ती टायरच्या रबरावर, हवेच्या दाबावर आणि वळणाआधी वेग किती कमी केला यावर. नक्षी पाणी बाजूला सारते हे मोटारीसाठी खरं. तिचा टायर रुंद, सपाट आणि कमी हवेचा असतो, म्हणून तो पाण्यावर तरंगू शकतो. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि जास्त दाबाचा असल्यामुळे पाणी आपोआप बाजूला जातं. विमानाच्या टायरसाठी वापरतात ते सूत्र (पीएसआय या एककातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाची ९ पट, उत्तर नॉट या वेगाच्या एककात) लावलं तर ६० पीएसआयला तरंगण्याचा वेग ताशी सुमारे १२९ किमी येतो. तेवढ्या वेगाने आपण कोणीच वळत नाही!

घसरायला लावतात त्या जागा वेगळ्याच: झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, ओली पानं, रेल्वेचे रूळ (हे शक्यतो काटकोनात ओलांडा) आणि पहिल्या पावसात वर येणारा तेलाचा थर. त्यावरून जाताना सायकल सरळ ठेवा, ब्रेक दाबू नका आणि पेडल मारू नका. वेग वळणाआधीच कमी करा. रिमवरचे ब्रेक ओले असताना उशिरा लागतात, तेव्हा जरा आधीपासून हलके दाबायला लागा. टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून हवा थोडी कमी केलीत तर फायदाच होतो. जुना, कडक झालेला टायर मात्र बदलाच.

चिखलात किंवा कच्च्या रस्त्यावर हे लागू नाही, तिथे खोल नक्षी हवीच.