रायडर चषक 'राखला' आणि 'जिंकला': फरक अर्ध्या गुणाचा

एका वाचकाने विचारलं आहे: "2025 च्या सप्टेंबरात गोल्फच्या रायडर चषकाच्या बातम्या वाचत होतो. आधी 'युरोपने चषक राखला' असं आलं आणि थोड्याच वेळात 'युरोपने चषक जिंकला'. पहिली बातमी घाईत चुकली होती, की दोन्ही क्रियापदांचा अर्थ एकच? आणि गुण सारखे झाले असते तर 'राखला' म्हणायचं की 'सामना अनिर्णित'?"

दोन्ही बातम्या बरोबर होत्या. त्या एकाच दिवशी काही मिनिटांच्या अंतराने घडलेल्या दोन वेगळ्या घटना होत्या आणि त्या वेगळ्या सांगायला मराठीत दोन नेमकी क्रियापदं आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

आधी स्पर्धेची घडण बघू. अमेरिका आणि युरोप यांच्या व्यावसायिक पुरुष गोल्फपटूंचे 12-12 जणांचे संघ दर दोन वर्षांनी तीन दिवस खेळतात. पहिले दोन दिवस जोड्यांचे 16 सामने, शेवटच्या दिवशी एकेरीचे 12, एकूण 28. प्रत्येक सामना एका गुणाचा. सामन्यात फटक्यांची एकूण बेरीज होत नाही, एकेक होल (चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा तो आणि तिथवरची वाट) कमी फटक्यांत कोणी जिंकला ते मोजतात. अठरा होलनंतर दोघे बरोबरीत असले तर दोघांना अर्धा अर्धा गुण. हा अर्धा गुणच आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. नियम असा की दोघांचे 14-14 झाले तर चषक ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याच्याकडेच राहतो. म्हणजे धारक संघाला 14 पुरतात आणि आव्हान देणाऱ्याला साडेचौदा लागतात. धारकानेही साडेचौदा केले तर ती जीत.

आता मराठीकडे येऊ. 'राखणे' हे संस्कृत 'रक्ष्' आणि प्राकृत 'रक्ख' या वाटेने आलेलं क्रियापद. शेत राखतात, गड राखतात, अब्रू राखतात, मान राखतात. या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत आहे: जी वस्तू राखायची ती आधीपासून आपली आहे आणि ती जाण्याचा धोका आहे. पाखरं येणार नसतील तर शेताला राखण लागत नाही. दुसरी बाब जास्त महत्त्वाची. राखणाऱ्याला समोरच्याला हरवावं लागत नाही. वेढा उठेपर्यंत गड हातचा गेला नाही, एवढ्यावर 'गड राखला' म्हणता येतं. शत्रूचा पराभव झाला असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. रायडर चषकातला चौदावा गुण नेमका हेच सांगतो.

मग गोंधळ का होतो? टेनिस-बॅडमिंटनच्या बातम्यांमुळे, असं मला वाटतं. तिथे 'विजेतेपद राखले' म्हणजे गेल्या वर्षीचा विजेता यंदा पुन्हा अंतिम सामना जिंकला. त्या खेळांत न जिंकता राखण्याची सोयच नाही, त्यामुळे 'राखणे' म्हणजे 'पुन्हा जिंकणे' असा अर्थ कानात बसतो. क्रिकेटमधल्या 'पाच गडी राखून विजय' या प्रयोगात तर 'राखून' आणि 'विजय' जोडीनेच येतात. पण त्याच क्रिकेटमध्ये 2023 ची अॅशेस मालिका 2-2 अशी सुटली आणि ऑस्ट्रेलियाने अॅशेस राखली. तो प्रयोग रायडर चषकाच्या सर्वांत जवळचा.

2025 चा रविवार न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक मैदानावर होता. 2023 मध्ये रोमला जिंकल्यामुळे चषक युरोपकडे होता. शनिवारी खेळ संपला तेव्हा युरोप 11.5-4.5 असा पुढे होता. रविवारी अमेरिकेने एकेरीत झपाट्याने गुण घ्यायला सुरुवात केली. युरोप साडेतेरावर असताना आयर्लंडचा शेन लॉरी अठराव्या होलवर काही फुटांच्या पटसमोर उभा होता. (पट म्हणजे होलच्या दिशेने जमिनीसरशी मारलेला हलका फटका.) तो पट गेला, रसेल हेन्लीशी बरोबरी झाली, अर्धा गुण मिळाला, चौदा झाले. या क्षणाची बातमी: युरोपने चषक राखला. लॉरीने आनंदाने उड्या मारल्या तेव्हा युरोप स्पर्धा जिंकलेला नव्हता! नंतर टिरेल हॅटनने कॉलिन मोरिकावाशी बरोबरी साधली, साडेचौदा झाले. आता युरोपने चषक जिंकला. अंतिम आकडा 15-13.

2012 मध्ये शिकागोजवळ मेडिनाला हाच क्रम याहून चित्तथरारक झाला होता. युरोप 6-10 असा मागे होता. युरोपच्या मार्टिन कायमरने अमेरिकेच्या स्टीव्ह स्ट्रिकरविरुद्ध अठराव्या होलवरचा पट घातला, चौदा झाले, चषक राखला. मागून अमेरिकेचा टायगर वुड्स आणि युरोपचा फ्रान्चेस्को मोलिनारी यांचा सामना अजून चालू होता. वुड्सने तो सामना जिंकला असता तर 14-14. वुड्सचा छोटा पट चुकला, त्याने मोलिनारीचा पट न खेळवताच मान्य केला (म्हणजे तो गेलाच असं धरलं), बरोबरी झाली आणि युरोप 14.5-13.5 ने जिंकला. त्या दिवशी 'युरोपने चषक परत मिळवला' असं कोणी लिहिलं असेल तर ते मात्र चूक. गुणांत मागून येऊन जिंकले तरी चषक 2010 पासून त्यांच्याचकडे होता. 'परत मिळवला' हे 1985 ला शोभतं: 1957 नंतर पहिल्यांदा, 28 वर्षांनी, अमेरिकेचा पराभव झाला. (सुरुवातीची अनेक वर्षं अमेरिकेसमोर ब्रिटनचा संघ असे, त्याचाच पुढे युरोपचा संघ झाला.)

न जिंकता चषक राखल्याची उदाहरणं पूर्ण इतिहासात दोनच आहेत, 1969 आणि 1989. दोन्हींत एकच माणूस आहे: टोनी जॅकलिन. 1969 ला इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेलवर शेवटच्या सामन्यात ब्रिटनचा जॅकलिन आणि अमेरिकेचा जॅक निक्लॉस अठराव्या होलवर आले तेव्हा संघ बरोबरीत होते आणि ते दोघेही. निक्लॉसने आपला पट घातला. जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा पट बाकी होता. तो चुकला असता तर अमेरिका सरळ जिंकली असती. निक्लॉसने जॅकलिनची खूण (चेंडू उचलल्यावर त्याच्या जागी ठेवतात ती) जमिनीवरून उचलून त्याच्या हातात दिली, पट मान्य. 16-16 (तेव्हा सामने 32 असत). अमेरिकेने 1967 ला ह्यूस्टनमध्ये चषक जिंकला होता, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला. अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड यावर नाराज होता. माझ्या मते स्नीडला 'जिंकणे' हवं होतं आणि निक्लॉसला 'राखणे' पुरेसं वाटलं. खिलाडूवृत्तीची ही गोष्ट शंभरदा सांगितली जाते, पण धारकाने चषक राखायचा हा नियम माहीत नसेल तर निम्मी कळत नाही. 1989 ला द बेल्फ्री मैदानावर 14-14 झाले, युरोपने चषक राखला, आणि युरोपचा कर्णधार होता जॅकलिन.

1991 ला किआवा आयलंडवर हे उलटं होता होता राहिलं. बर्नहार्ड लँगरचा शेवटचा सहा फुटांचा पट गेला असता तर 14-14 होऊन धारक युरोपने चषक राखला असता. तो चुकला. अमेरिका 14.5-13.5. इथे 'युरोपने चषक गमावला' हे अगदी चोख. मात्र गमवायला तो आधी आपल्याकडे असावा लागतो. 1983 च्या युरोपला अमेरिकेकडून एका गुणाने हार पत्करावी लागली, तेव्हा चषक त्यांच्याकडे नव्हताच. ते नुसते 'हरले'.

आणखी एक बारकावा. 1937 ला अमेरिका जिंकली आणि मग युद्धामुळे 1947 पर्यंत स्पर्धाच झाली नाही. या दहा वर्षांबद्दल 'अमेरिकेने चषक राखला' असं लिहू नये. कोणी मागायलाच आलं नाही, तर राखण कसली? तिथे 'चषक अमेरिकेकडेच राहिला'. 2001 ची स्पर्धा न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यांनंतर एक वर्ष पुढे गेली, तेव्हाही तसंच.

प्रेसिडेंट्स चषक ही अमेरिका आणि युरोपबाहेरच्या देशांमधली धाकटी स्पर्धा, 1994 पासूनची. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी 2015 ला तीच खेळला. 2003 ला दक्षिण आफ्रिकेत तिथे 17-17 झाले. एर्नी एल्स आणि वुड्स अंधार पडेपर्यंत जादा होल खेळले, तरी निकाल लागेना. शेवटी चषक दोघांना विभागून देण्यात आला. म्हणजे बरोबरी असूनही कोणी 'राखला' नाही. बरोबरी दिसली की डोळे मिटून 'राखला' लिहू नये, त्या स्पर्धेचा नियम बघावा.

'अनिर्णित'बद्दल माझं मत ठाम आहे: रायडर चषकासाठी तो शब्द वापरू नये. अनिर्णित म्हणजे निर्णय झाला नाही. कसोटी वेळेअभावी संपते तेव्हा तो चपखल बसतो. 14-14 मध्ये सगळे सामने पूर्ण होऊन निकाल लागलेला असतो, तो सारखा असतो इतकंच. म्हणून 'बरोबरी' किंवा 'सामना बरोबरीत सुटला'.

जाता जाता 'रायडर'विषयी, कारण देवनागरीत तो शब्द घोड्यावरचा किंवा मोटरसायकलवरचा स्वार वाटतो. हे आडनाव आहे. सॅम्युएल रायडर हे इंग्लंडच्या सेंट ऑल्बन्स गावचे बियाणांचे व्यापारी. एक पेनीच्या पाकिटांतून बी विकून ते श्रीमंत झाले. पन्नाशीच्या सुमाराला प्रकृतीसाठी गोल्फकडे वळले आणि एब मिचेल या गोल्फपटूला शिकवायला ठेवलं. 250 पौंडांचा सोन्याचा चषक त्यांनीच दिला आणि त्याच्या झाकणावर गोल्फ खेळणारी जी छोटी आकृती आहे ती मिचेलची. 1927 ला मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला पहिली अधिकृत स्पर्धा झाली, तेव्हा मिचेल अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे जाऊच शकला नाही. ब्रिटन 2.5-9.5 असं हरलं. त्या पहिल्या वर्षी चषक कोणाचाच नव्हता, म्हणून 1927 पुरतं तरी 'राखला' हे क्रियापद लागूच होत नाही. अमेरिकेने तो 'पटकावला' म्हणा, 'जिंकला' म्हणा.

पुढची स्पर्धा 2027 ला आयर्लंडमध्ये अडेर मॅनरला आहे आणि धारक युरोप आहे. तिथे 14-14 झाले तर 'युरोपने चषक राखला'. अमेरिकेचे साडेचौदा झाले तर 'अमेरिकेने चषक जिंकला', किंवा 'परत मिळवला' हेही चालेल, कारण 2021 ला तो त्यांनीच 19-9 ने जिंकला होता.