जागा घेतेस, आता सोडायला शीक

प्रिय मुली,

तुझं रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. गळ्याबद्दल काही लिहीत नाही, तो चांगला आहे हे तुला ठाऊक आहे. तुझा प्रश्न असा, की ही सोल गाणी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची चर्चच्या गायकीतून आलेली गाणी, मुळात शिकागोची, मेम्फिसची. जमैकन गायकांनी ती रॉकस्टेडीत, म्हणजे तिथल्या साठच्या दशकातल्या संथ तालाच्या संगीतात, उचलली आणि आता तू त्यांच्याकडून उचलणार, मग ही नकलेची नक्कल नाही का? प्रश्न प्रामाणिक आहे, पण तू नको तिथे अडली आहेस.

एक जोडी घे. शिकागोच्या इम्प्रेशन्स या गायकांच्या गटाचं 'मिन्स्ट्रेल अँड क्वीन', 1962. जमैकन गट टेक्निक्सचं 'क्वीन मॅजेस्टी', 1967, किंग्स्टनच्या बाँड स्ट्रीटवर निर्माता ड्यूक रीडच्या दारूच्या दुकानावर असलेल्या ट्रेझर आइल स्टुडिओतलं. गाणं तेच. इम्प्रेशन्सच्या कर्टिस मेफिल्डकडून टेक्निक्सनी दबका, न ओरडणारा फॉल्सेटो (नेहमीच्या आवाजाच्या वरचा पातळ आवाज) घेतला. मेफिल्डचे साथीदार फ्रेड कॅश आणि सॅम गुडन ओळीच्या शेपटाला येऊन मिळतात, ती रीतही घेतली. खालचा ताल मात्र स्वतःचा घातला, आणि त्या तालाने गळ्याला वेगळं वागायला लावलं.

मेट्रोनोम 150 वर लाव आणि चार मात्रा मोज. दोन आणि चारवर गिटारचा आखूड, छाटलेला ठोका. तीनवर बास ड्रम आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरची काठी एकदम. एकवर ड्रम गप्प. सोलमध्ये एकवर बास ड्रम बसतो आणि सम दाखवून देतो. इथे सम मोकळी असते. आपल्याकडे मुखडा पकडून समेवर यायचं, ही सवय तुझ्या हाडात आहे. म्हणून दुसऱ्या कडव्यात तू प्रत्येक ओळ एकवर आपटतेस आणि वादकांनी मुद्दाम रिकामं ठेवलेलं भोक बुजवून टाकतेस. आपल्याकडे गायक सुंदर जागा घेतो आणि आपण मान डोलावतो. रॉकस्टेडीत जागा सोडायची असते. जागा सोड. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणूनच तुझ्यावर चिडतोय.

1966च्या आधीच्या स्कामध्ये, म्हणजे रॉकस्टेडीच्या आधीच्या जमैकन संगीतात, ही सोय नव्हती. लय दुप्पट वाटावी इतकी धावती, डबल बास न थांबता चालणारा, वर ब्रासचा गलबला. लय उतरली, ब्रास मागे गेलं, बास दोन-चार सुरांचा तुकडा वाजवून थांबू लागला. त्या थांबण्यात सोलची गायकी मावली.

आता सराव. अ‍ॅल्टन एलिसचं 'एन्ट दॅट लव्हिंग यू' घे आणि त्याच्या शेजारी मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने काढलेलं जॉनी टेलरचं मूळ. दोन्हींचे शब्द कागदावर लिही आणि गायक जिथे गप्प बसतो तिथे रेघ मार. आधी मूळ, मग जमैकन, उलटं नाही. मग ओळी न गाता फक्त बोल, हाताने तीनवर टाळी देत. ओळ टाळीनंतर सुरू झाली पाहिजे. आठवडाभर हेच. तुला कंटाळा येईल, पण करच.

मग गा, पण हरकती काढून. मुरकी दोन किंवा चारवर आली की ती गिटारच्या छाटावर आदळते. गिटार चिखलात रुतल्यासारखी वाटते आणि दोष वादकाला जातो. लांब सूर फक्त ओळीच्या शेवटी, आणि तोही तीनच्या ठोक्याआधी तोडायचा. फॉल्सेटोला जोर लावू नकोस. जोर लागतोय असं वाटलं तर पट्टी दोन स्वर खाली घे आणि माइकच्या जवळ ये.

तू सोल गायक ओटिस रेडिंगचा ओरडा जमैकन गायक टूट्स हिबर्टमार्फत उचललास, तेही पहिल्या कडव्यातच. टूट्सचे हुंकार नीट ऐक: ते शब्दांच्या मधल्या फटीत, ढोलाच्या थापेसारखे पडतात, शब्दांवर चढत नाहीत. त्यापेक्षा जमैकन गायिका फिलिस डिलनचं 1966चं 'डोन्ट स्टे अवे' महिनाभर ऐक. अमेरिकन गायिका डिऑन वॉर्विकची आवड तिच्या शांत शब्दफेकीत कळते. आणि जमैकन उच्चारांची नक्कल आजच बंद कर.

तू म्हणशील, जमैकन गायक बेरेस हॅमंड तर भरभरून गातो. गातो, पण ओळ कुठे संपवायची हे ठरवून. मला हट्टी म्हणतात ते याच मुद्द्यावर, आणि मी मागे हटणार नाही, कारण पुरावा रेकॉर्डमध्येच आहे. 1970 साली यू-रॉय या जमैकन डीजेने, म्हणजे वाजत्या गाण्यावर लयीत बोलणाऱ्या कलाकाराने, ट्रेझर आइलच्या जुन्या रॉकस्टेडी टेपांवर बोलत 'वेक द टाउन' आणि 'वेअर यू टु द बॉल' केली. दुसरीत मूळ गाणाऱ्या पॅरागॉन्स गटाचे सूर मधूनमधून ऐकू येतात. त्यांनी कोपरान्‌कोपरा भरून ठेवला असता तर यू-रॉयने तोंड कुठे उघडलं असतं? डबमधला, म्हणजे बरंचसं गाणं काढून उरलेल्या तालावर प्रतिध्वनी चढवलेल्या आवृत्तीतला, इकोही त्याच रिकामपणावर जगतो. 150च्या लयीत इको 400 मिलिसेकंदांवर ठेव, त्यातला खर्जाचा भाग काप आणि बघ: तू सतत गात राहिलीस तर तो तुझ्याच पुढच्या शब्दावर कोसळेल. जागा सोड, म्हणजे तो घरंगळत जाईल.

नकलेबद्दल एवढंच. बॉब मार्लेच्या वेलर्स गटाचं 1965चं स्का 'वन लव्ह' मेफिल्डच्या 'पीपल गेट रेडी'मधून घेतं, आणि त्यावर मेफिल्डचं नाव नव्हतं. 1977च्या 'एक्सोडस' अल्बमवर ते आलं. तू पहिल्या दिवसापासून मूळ गीतकाराचं नाव लिही आणि परवानगी घे.

पुढचं रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा गिटार नको, कीबोर्ड नको. फक्त बास, तीनवरचा ठोका आणि तुझा आवाज. एकच कडवं. मी पुन्हा चार वेळा ऐकेन आणि कागदावर फक्त तुझ्या गप्प बसण्याच्या रेघा मारेन.