नळाचं पाणी तसंच वापरून घरी केलेल्या पेल एलला (फिक्या बिअरला) औषधासारखा वास येतो आणि ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, शिल्लक साखरेचा अंदाज देणारी) १.०२० वर अडकते. पाण्यात क्षार घालू की यीस्ट बदलू?

क्षारांना आत्ताच हात लावू नका. नळाचं पाणी तसंच वापरता असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे औषधी वासाचं मूळ बहुधा क्लोरीनमध्ये आहे. क्लोरीन आणि वॉर्टमधली (माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, गोड काढ्यातली) फिनॉल्स यांच्यापासून क्लोरोफिनॉल बनतं. ते इतकं तीव्र असतं की बाटली उघडताच जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास येतो. बिअर कितीही दिवस मुरवा, तो जात नाही. माझे पहिले दोन घाणे मी याच पायी ओतून दिलेत.

पाणी उकळलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (पाणी शुद्ध करायला वापरलं जाणारं क्लोरीनचं संयुग) चिवट असतं. २५ लिटर पाण्यात कॅम्डनची (सल्फाइटची) अर्धी गोळी चुरून ढवळा, काही मिनिटांत दोन्ही निकामी होतात.

त्यानंतर मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या भरडलेल्या माल्टचा) पीएच बघा. थंड केलेल्या नमुन्यात तो ५.२ ते ५.६ असावा. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर फिक्या माल्टला ते आवरत नाही, पीएच चढाच राहतो आणि बिअर तुरट लागते. भाजलेला काळा माल्ट आम्लधर्मी, म्हणून डब्लिनच्या बायकार्बोनेटवाल्या पाण्यात स्टाउट ही काळी बिअर जमली आणि पिल्झेनच्या मऊ पाण्यात फिकी लागर. तुमच्या पेल एलला लॅक्टिक ॲसिडचे थोडे थेंब लागतील. एकेक मिलिलिटर घालून दर वेळी मोजा.

क्षार घालायचेच असतील तर आरओ पाण्यापासून सुरुवात करा, म्हणजे आधीच पाण्यात काय आहे याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. २५ लिटरला ५ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलं की लिटरमागे कॅल्शियम साधारण ६८, सल्फेट ११२ आणि क्लोराइड ३९ मिलिग्रॅम होतं. सल्फेटने हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा कोरडा आणि ठसठशीत लागतो, क्लोराइडने माल्ट भरीव वाटतो.

आता यीस्ट. मला स्वतःला पाण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पाणी थोडं चुकलं तरी बिअर पिण्यासारखी होते, यीस्टचे हाल झाले तर होत नाही. ११ ग्रॅमचं ताजं पाकीट २० लिटरला, १.०६० पर्यंतच्या वॉर्टला पुरतं. वॉर्ट २० अंशांच्या आसपास आल्यावरच यीस्ट टाका. खोलीचं तापमान बघून फसू नका. मी एकदा भांड्याच्या बाहेरून थर्मामीटर चिकटवला, वर स्पंजचा तुकडा दाबून बसवला. खोलीत १९ अंश होते आणि दुसऱ्या दिवशी भांडं २४ दाखवत होतं! आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. पहिले तीन दिवस भांडं पाण्याच्या टबात ठेवून १८-२० वर धरा. इथे तापलं तर जड, जळजळीत अल्कोहोल तयार होतं. जोर ओसरला की मात्र २१ पर्यंत चढू द्या, म्हणजे यीस्ट लोण्यासारखा वास देणारं डायासेटिल परत शोषून घेतं.

आत्ता १.०२० वर थांबलेली बिअर बाटलीत भरू नका. साखर शिल्लक असेल तर बाटल्या फुटतात, काचा लागतात. भांडं २१ अंशांवर आणा, तळाचा गाळ उठेल इतपत हलकेच फिरवा, झाकण उघडू नका. चार-पाच दिवसांनी ग्रॅव्हिटी मोजा. तरीही तीच आली, तर मॅशचं तापमान तपासा. ते ६९-७० असेल तर उरलेल्या शर्करा यीस्टला खाताच येत नाहीत, आणि यीस्ट बदलून काही होणार नाही. पुढच्या वेळी मॅश ६५-६६ वर धरा.